मेपल बियांची सुप्तावस्था आणि ती मोडणं

मेपलच्या (प्रजाती एसर) बऱ्याच जातींचं बी ओल आणि ऊब मिळूनही लगेच रुजत नाही, काही आठवडे किंवा महिने थंड ओलाव्यात ठेवलं तरच ते उगवतं. या प्रक्रियेला नर्सरीवाले स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात. ओल्या वाळूच्या थरांत बी ठेवायची रीत युरोपात निदान १७ व्या शतकापासून चालत आलेली दिसते. इथे विचार केलाय तो मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या स्थानिक जातींचा.

सगळ्यांना एकच उपाय लावला की बी वाया जातं. सिल्व्हर मेपलचं बी वसंताच्या शेवटी पिकतं, पडल्यापडल्या रुजतं आणि वाळलं की मरतं (ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली गेला की संपलंच), त्यामुळे ते सुकवून साठवायचं नाही, लगेच पेरायचं. रेड मेपलचं बरंचसं बी त्याच मोसमात उगवतं, थोडं पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतं. शुगर मेपल मात्र शरदात पिकतो आणि त्याला १ ते ५ अंश सेल्सिअसमध्ये ४० ते ९० दिवस लागतात, शिवाय रुजायला त्याला सगळ्यात मानवणारं तापमानच १ अंशाच्या आसपास, म्हणून फ्रिजमधल्या पिशवीतच मुळं बाहेर आलेली दिसतात. वाइन मेपलला आधी महिना-दोन महिने ऊब, मग तीन ते सहा महिने थंडी. स्ट्राइप्ड मेपलला थंडीचे ९० दिवस किंवा जास्त.

रुजण्यातला अडथळा बियाच्या आवरणात की आतल्या भ्रूणात (बियातल्या इवल्या रोपात), हा वाद जुना आहे, आणि त्यावरचं बरंच काम युरोपातल्या दोन जातींवर झालंय. सिकामोर या युरोपीय मेपलचं आवरण काढलं की भ्रूण थंडीशिवायही वाढतो, म्हणजे तिथे अडवतंय ते आवरण. नॉर्वे मेपलचा भ्रूण मोकळा केला तरी नीट वाढत नाही, म्हणजे तिथे भ्रूणच सुप्त. थंडीत ॲबसिसिक आम्ल (रुजणं रोखणारं वनस्पती-संप्रेरक) कमी होतं हे खरं, पण फक्त एका द्रव्याच्या घटीवर सगळं ढकलणं अपुरं वाटतं. त्या द्रव्याला बी किती दाद देतं आणि जिबरेलिनशी (रुजण्याला चालना देणाऱ्या संप्रेरकाशी) त्याचा तोल कसा राहतो, हे धरणारं मत जास्त पटतं. रशियन बीजशास्त्रज्ञ निकोलायेवांच्या कामावर उभं राहून अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ बास्किन दांपत्याने २००४ मध्ये मांडलेल्या सुप्ततेच्या वर्गीकरणात नॉर्वे मेपल खोल शरीरक्रियात्मक सुप्ततेत (अडथळा भ्रूणाच्या आतल्या क्रियांतच मुरलेला) बसतो, त्यात जिबरेलिन देऊन काही होत नाही, थंडीच लागते.

सुरुवात करायच्या आधी दोन-चार फळं ब्लेडने कापून बघायची, आत घड्या पडलेली हिरवी बीजपत्रं दिसली तर बी भरलेलं. शुगर मेपलच्या जोडफळात बहुधा एकच बाजू भरलेली असते, दुसरी पोकळ, त्यामुळे फळांच्या संख्येवरून अंदाज बांधला की हमखास फसगत. भरलेलं बी दिवसभर पाण्यात भिजवून ओलसर वाळूत किंवा पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) मिसळून पिशवीत भरून थंडीत ठेवायचं, मुठीत दाबलं तर पाणी टपकता कामा नये, जास्त ओल झाली की बुरशी धरते. पिशवी दर आठवड्याला उघडून बघायची आणि मूळ अर्धा-एक सेंटिमीटर झालं की लगेच कुंडीत लावायचं, लांबलं तर काढताना तुटतं.