दुसऱ्या खोलीत फ्री डिश: स्प्लिटर की ट्विन एलएनबी?

हॉलमध्ये फ्री डिश चालू आहे, आता आजींच्या खोलीतही हवी आहे. छत्री एक, टीव्ही दोन. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन "एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायचेत" एवढंच सांगितलं, की काउंटरवर दोनपैकी एक वस्तू येते. एक म्हणजे तीन सॉकेटांचा चपटा स्प्लिटर, दुसरी म्हणजे खाली दोन आउटपुट असलेला ट्विन एलएनबी (एलएनबी म्हणजे छत्रीच्या पुढे दांडीवर बसणारी, सिग्नल पकडणारी डबी). दोन्हींना वायर तीच, कनेक्टर तोच, आणि वरवर पाहता दोन्ही एकाचे दोन करतात. स्प्लिटर स्वस्त, म्हणून बहुतेक वेळा तोच घरी येतो. गंमत म्हणजे तो कधीकधी नीट चालतोही, आणि म्हणूनच गोंधळ मिटत नाही.

फरक कळायला त्या काळ्या वायरीत काय चालतं ते आधी पाहू. छत्रीकडून सिग्नल खाली येतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वायरीतून टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स वर वीज पाठवतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. एलएनबी त्या विजेवर चालतो, आणि ती वीज म्हणजे हुकूमही असतो. बॉक्सने १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी व्हर्टिकल, म्हणजे उभ्या ध्रुवणाच्या लहरी देतो, १८ व्होल्ट पाठवले की हॉरिझॉन्टल, म्हणजे आडव्या. जोडीला २२ किलोहर्ट्झचा टोन पाठवला, तर युनिव्हर्सल, म्हणजे दोन्ही बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) पकडणारा एलएनबी खालचा बँड सोडून वरचा देतो. साधा सिंगल एलएनबी एका वेळी एकच हुकूम पाळतो.

स्प्लिटर या एलएनबीच्या पुढे, वायरीत बसतो. म्हणजे मालक दोन आणि नोकर एकच. एका बॉक्सने १३ मागितले आणि दुसऱ्याने १८, तर वायरीवर जास्तीचा व्होल्टेज टिकतो. हॉरिझॉन्टल सुरू होतं आणि १३ मागणाऱ्याच्या पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. ट्विन एलएनबीत याउलट एकाच डबीत दोन स्वतंत्र एलएनबी असतात, प्रत्येक आउटपुट आपापल्या बॉक्सचं ऐकतो. पलीकडच्या खोलीत काय लावलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मग स्प्लिटर चालतो तो कसा? कारण फ्री डिशचा मामला सोपा आहे. ही सेवा ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. तिचे ११०९० किंवा ११४७० मेगाहर्ट्झसारखे मुख्य ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचे प्रक्षेपक) व्हर्टिकल आहेत आणि खालच्या बँडमध्ये आहेत. दोन्ही खोल्यांत फ्री डिशचेच बॉक्स असतील, तर दोघांचा हुकूम बहुतेक वेळ एकच असतो: १३ व्होल्ट, टोन बंद. भांडायला विषयच उरत नाही. तरीही तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण खरेदीतच होते. घरात केबल टीव्हीच्या जमान्यातला स्प्लिटर पडलेला असतो, तोच लावला जातो. त्याच्यावर ५–१००० मेगाहर्ट्झ छापलेलं असतं. आता हिशोब करा. युनिव्हर्सल एलएनबी खालच्या बँडमध्ये आलेल्या फ्रिक्वेन्सीतून ९७५० वजा करून सिग्नल वायरीत सोडतो, म्हणजे ११०९० चा होतो १३४० आणि ११४७० चा १७२०. दोन्ही हजाराच्या वर. तो स्प्लिटर यासाठी बनलेलाच नाही. त्यात वीज वर जाऊ देण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे एलएनबी जागाच होत नाही. सॅटेलाइटच्या स्प्लिटरवर ५–२४०० किंवा त्याच्या आसपास लिहिलेलं असतं. तेवढं वाचून मगच पैसे द्यावेत.

दुसरी अडचण म्हणजे 'हॉलचा टीव्ही बंद केला की आतला जातो' ही जुनी तक्रार. कित्येक सॅटेलाइट स्प्लिटरांत वीज वर जाण्याची वाट दोनपैकी एकाच आउटपुटला असते, त्या सॉकेटाजवळ पॉवर पासची खूण असते. त्या सॉकेटाचा बॉक्स मुख्य बटणाने बंद केला की एलएनबीची वीज गेली, दुसऱ्याचं चित्र गेलं. काही बॉक्स स्टँडबायमध्येही वीज देत राहतात, काही देत नाहीत. म्हणून हीच तक्रार एका घरात असते आणि शेजारच्या घरात नसते. यावर उपाय म्हणजे दोन्ही आउटपुटना पॉवर पास असलेला, आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवलेला स्प्लिटर घेणं. डायोड नसेल तर एका बॉक्सची वीज वर जाण्याऐवजी दुसऱ्या बॉक्सच्या सॉकेटात शिरू शकते, आणि ते बरं नाही.

तिसरी अडचण कधीतरीच येते, पण चक्रावून टाकते. एका खोलीत कुणी ऑटो स्कॅन लावला, की तो बॉक्स सगळे पर्याय तपासताना १८ व्होल्टही पाठवतो. तेवढा वेळ दुसऱ्या खोलीतलं चित्र फुटतं किंवा जातं, आणि स्कॅन संपला की आपोआप परत येतं. मेकॅनिक येईपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं.

पावसाचा दोष मात्र स्प्लिटरच्या माथी उगाच मारला जातो. दोन वाटांचा स्प्लिटर सिग्नल साधारण ४ डीबीने (डेसिबल, ताकद मोजायचं माप) कमी करतो हे खरं, पण तो सिग्नल आणि गोंगाट (नॉइज) दोन्ही सारखेच कमी करतो, कारण एलएनबीने दोन्ही आधीच भरपूर वाढवून पाठवलेले असतात. म्हणून बॉक्सच्या मेनूत 'स्ट्रेंग्थ' उतरते, 'क्वालिटी' जवळजवळ तिथेच राहते. जून ते सप्टेंबरमध्ये ढग दाटल्यावर क्वालिटी कोसळते, त्याचं कारण वर असतं: छत्री हललेली, एलएनबी चुकीच्या कोनात फिरलेला किंवा थाळीच लहान. त्यावर ट्विन एलएनबी हाही इलाज नाही, मोठी थाळी आणि नेमका कोन हाच आहे. दुकानात 'लाइन अँप्लिफायर' सुचवला जातो, तोही इथे निरुपयोगी. गोंगाट वाढवून सिग्नल सुधारत नाही. आरजी-६, म्हणजे छत्रीची नेहमीची वायर, या फ्रिक्वेन्सीला २० मीटरमागे साधारण ५ डीबी खाते, त्यामुळे चार मजले वायर ओढली तरी अँप्लिफायरची गरज सहसा पडत नाही.

आता ट्विन बसवायचा तर. त्याची खरी किंमत एलएनबीची नाहीच, दुसऱ्या वायरीची आहे. छत्रीपासून दुसऱ्या खोलीपर्यंत पूर्ण वेगळी वायर लागते, मध्ये जोड नको. घेताना युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० असलेला घ्यावा. 'दोन तोंडाचा' असं म्हणून मागू नये, कारण दोन उपग्रहांसाठी दोन डोकी असलेला मोनोब्लॉकही त्याच नावाने मिळतो आणि तो इथे कामाचा नाही. पुढेमागे चार टीव्ही होतील म्हणून चार आउटपुटचा घेत असाल, तर क्वाड घ्या, क्वाट्रो नको. क्वाट्रोच्या चारही आउटपुटना ठरावीक बँड आणि ध्रुवण कायमचं नेमून दिलेलं असतं. तो मल्टिस्विचच्या (अनेक बॉक्सना सिग्नल वाटणाऱ्या स्विचच्या) मागे लावायचा असतो, थेट बॉक्सला नाही.

दोन्ही बॉक्स भिंतीतल्या बटणाने बंद करा, नुसत्या रिमोटने नाही. जुना एलएनबी किती बाहेर आहे आणि किती फिरवलेला आहे, हे क्लॅम्पवर मार्करने खुणा करून ठेवा. नवा त्याच खुणांवर बसवा आणि क्लॅम्प हलकाच आवळा. छत्रीला धक्का लागता कामा नये; थाळी एखादा अंश हलली तरी क्वालिटी घसरते. मग हॉलचा बॉक्स चालू करून, पडद्यावर क्वालिटी पाहत एलएनबी थोडा थोडा गोल फिरवा. आकडा सगळ्यात वर जाईल तिथे क्लॅम्प पक्का करा. बाल्कनीतून "वाढला, वाढला, गेला" ओरडायला एक माणूस लागतोच.

कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवू देऊ नका. त्याने शॉर्ट होतो आणि बॉक्स 'एलएनबी शॉर्ट' दाखवतो किंवा नुसता मुका बसतो. मधली तार कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच पुढे राहू द्या. सॉकेटाखाली वायरीला खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरमध्ये न शिरता वळशावरून गळून पडेल. न वापरलेल्या आउटपुटवर टोपी हवीच.

बेडरूमच्या बॉक्समध्ये एलएनबी फ्रिक्वेन्सी ०९७५०–१०६००, डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडायची सोय) बंद, मग स्कॅन. चित्र नाही आलं तर छत्रीपाशी दोन वायरींची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या खोलीत गेला तर एलएनबीचं ते आउटपुट खराब; त्याच खोलीत राहिला तर वायर, कनेक्टर किंवा बॉक्स. स्प्लिटरच्या जोडणीत इतक्या स्वच्छपणे दोष पकडता येत नाही, कारण एका वायरीचा शॉर्ट दोन्ही खोल्या बंद पाडू शकतो.

छत्रीच नवी बसवायची असेल तर पुण्यातून दिशा आग्नेय, खऱ्या उत्तरेपासून साधारण १३२ अंश, ढोबळमानाने सासवडच्या बाजूला. उंचीचा कोन जवळजवळ ५९ अंश. हा कोन चांगलाच उभा आहे, त्यामुळे छत्रीपेक्षा १० मीटर उंच इमारत समोर असली तरी ती ६ मीटरच्या पलीकडे असेल तर आड येत नाही. वायव्येला तोंड असलेल्या बाल्कनीत मात्र काही होत नाही, गच्चीच लागते. आणि ऑफसेट थाळी (जिचा एलएनबी मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असतो) प्रत्यक्षात ५९ अंशांवर वळलेली दिसत नाही, बरीच उभी दिसते. ते पाहून तिला आणखी मागे झुकवू नका.

हॉलमध्ये पैसे भरून घेतलेलं डीटीएच असेल, तर त्याच्या छत्रीला स्प्लिटर लावून आत फ्री डिशचा बॉक्स जोडायचा मोह होतो. नको. टाटा प्लेची छत्री ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे पाहते, एअरटेलची १०८.२, डी२एचची ८८. ९३.५ तिथे दिसणारच नाही. वरून त्या बॉक्सना १३ आणि १८ दोन्ही लागू शकतात, म्हणजे हॉलचे चॅनेल अधूनमधून गायब होऊ शकतील. फ्री डिशला स्वतंत्र छत्रीच हवी.

तर निवड अशी करावी. गच्चीवरून भिंतीतल्या पाइपातून एकच वायर आत आलेली आहे, दुसरी घालायला वाट नाही आणि दोन्ही बॉक्स फ्री डिशचे आहेत: चांगला सॅटेलाइट स्प्लिटर, दोन्हीकडे पॉवर पासवाला, आणि तो घराच्या आत, वायर शिरते तिथे. बाकी प्रत्येक ठिकाणी ट्विन. दुसऱ्या खोलीतल्या नव्या टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर असेल, मागे स्क्रूचं सॉकेट दिसत असेल, तर बॉक्सचे पैसे वाचतात. पण तिथे स्प्लिटर आणखी टाळावा, कारण टीव्हीचे ट्यूनर स्कॅनमध्ये सगळे व्होल्टेज आणि टोन तपासत बसतात.

शेवटी एक खुलासा, कारण यावरून पुष्कळ स्प्लिटर विनाकारण फेकले गेले आहेत. आतल्या खोलीत चॅनेल कमी दिसतात आणि जे दिसतात ते स्वच्छ दिसतात, असं असेल तर दोष सहसा जोडणीत नसतो. बहुधा तिथला बॉक्स जुना, एमपेग-२ चा (चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) असतो. फ्री डिशवर एमपेग-४ मध्ये येणारे चॅनेल त्याला उघडताच येत नाहीत. बॉक्स बदला, वायर तशीच राहू द्या.