इंग्लंडमधील जुन्या घरांच्या चिमण्या: त्या का खचल्या आणि त्यांची दुरुस्ती पुन्हा चुन्याकडे का वळली

आपल्याकडच्या घरांना विटांची उंच चिमणी सहसा नसते. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून किंवा भिंतीत वर ठेवलेल्या धुराड्यातून निघून जात असे, आणि थंडीसाठी प्रत्येक खोलीत विस्तव ठेवण्याची वेळ क्वचितच येत असे. त्यामुळे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब तिथले सव्वाशे वर्षांचे रांगेतले घर विकत घेते, तेव्हा घराच्या तपासणीच्या अहवालातला चिमणीचा भाग त्याला कोड्यात टाकतो. चिमणी ओळंब्यात नाही, दरजा पोकळ झाल्या आहेत, माथ्यावरचा गिलावा तडकला आहे, आतल्या धूरनळीला अस्तर नाही आणि शयनगृहाच्या भिंतीवर तपकिरी ओल आली आहे, असे त्यात लिहिलेले असते. या प्रत्येक दोषामागे एक जुने कारण आहे, आणि ते केवळ घराचे वय हे नाही. त्या चिमण्या ज्या इंधनासाठी आणि ज्या साहित्यात बांधल्या गेल्या, ती दोन्ही नंतर बदलली. दुरुस्ती करणाऱ्यांनी मात्र बराच काळ या बदलाची दखल घेतली नाही.

मध्ययुगातल्या इंग्रजी घरात मोठ्या दालनाच्या मधोमध जमिनीवरच आग पेटवत आणि धूर छपराकडे चढून झरोक्यातून बाहेर पडत असे. अशा काही घरांच्या माळ्यावर काजळीने काळेभोर झालेले वासे आजही पाहायला मिळतात. भिंतीतून धूर वर नेणाऱ्या नळ्या त्या काळी किल्ल्यांत आणि मठांत असत. यॉर्कशरमधल्या कॉनिसबरो किल्ल्याच्या बाराव्या शतकातील बुरुजात तशी व्यवस्था आहे. सामान्य लोकांच्या घरात चिमणी आली ती प्रामुख्याने सोळाव्या शतकात. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचे पाद्री विल्यम हॅरिसन यांनी १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनात गावातल्या वृद्धांना आश्चर्यकारक वाटणारे बदल नोंदवले आहेत, आणि नव्याने उभ्या राहिलेल्या चिमण्यांची मोठी संख्या हा त्यांतला एक आहे. चिमणीमुळे दालनावर माळा घालता आला, वर खोल्या काढता आल्या आणि घराची रचनाच पालटली. त्याच सुमारास लाकूड महाग होत गेले आणि न्यूकॅसलकडून समुद्रमार्गे येणारा दगडी कोळसा लंडनच्या घरांत जळू लागला. कोळशाचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा उग्र असल्याने तो उघड्या दालनात सोसण्यासारखा नव्हता, म्हणून कोळसा आणि चिमणी यांचा प्रसार हातात हात घालून झाला.

सरकारचे लक्षही चिमणीकडे गेले. १६६२ मध्ये प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवण्यात आला आणि तो १६८९ मध्ये रद्द होईपर्यंत लोकांच्या रोषाचा विषय राहिला. ऑक्सफर्डशरमधल्या चर्चिल गावी १६८४ मध्ये लागलेल्या मोठ्या आगीचे कारण म्हणून असे सांगितले जाते की, हा कर चुकवण्यासाठी एका बेकरीवालीने आपल्या भट्टीचा धूर भिंत फोडून शेजाऱ्याच्या चिमणीत सोडला होता. त्याआधी, सप्टेंबर १६६६ मध्ये, पुडिंग लेनमधल्या बेकरीतून सुरू झालेल्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग जळून गेला होता. पुढच्याच वर्षी झालेल्या पुनर्बांधणीच्या कायद्याने शहरातल्या घरांच्या बाह्य भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात अशी सक्ती केली आणि भिंतींची जाडीही ठरवून दिली. विटांची सामाईक भिंत आणि तिच्यात सामावलेल्या दोन्ही घरांच्या चिमण्या हे रूप तिथून रूढ झाले.

एकोणिसाव्या शतकात गिरण्या आणि रेल्वेबरोबर वाढलेल्या शहरांत लाखो घरे याच नमुन्यावर बांधली गेली, आणि आजच्या दुरुस्तीचा बहुतेक प्रश्न याच घरांचा आहे. बाहेरून जो विटांचा एक खांब दिसतो, त्याच्या आत अनेक नळ्या असतात. प्रत्येक खोलीतल्या शेकोटीला स्वतंत्र धूरनळी असे. खालच्या मजल्यावरची नळी वरच्या खोलीच्या शेकोटीला वळसा घालून वर जाई आणि छपराजवळ सगळ्या नळ्या शेजारीशेजारी येऊन एका जुडग्यात उभ्या राहत. दोन नळ्यांच्या मध्ये फक्त अर्ध्या विटेची पडदी असे. माथ्यावर प्रत्येक नळीसाठी भाजक्या मातीचे नळकांडे बसवून त्याच्या बुडाभोवती उताराचा गिलावा करत. सारे बांधकाम चुन्यात, आणि आतून नळीला गुळगुळीतपणा यावा, सांध्यांतून धूर झिरपू नये म्हणून चुना आणि वाळूत गाईचे शेण कालवून लिंपत. शेणामुळे लेप चिवट होई, सुकताना कमी तडकत असे आणि विटेला धरून राही. शेणाने जमीन सारवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यामागचे शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पण हा लेप कायमचा नव्हता. उष्णता, काजळी आणि वर्षानुवर्षांची झाडलोट यांनी तो सुटत जातो. आज अशा नळीत कॅमेरा सोडला, तर लेपाचे पोपडे वळणावर साचलेले आणि त्यामागच्या विटांचे उघडे सांधे दिसतात.

या झाडलोटीचा इतिहास मात्र चटका लावणारा आहे. अरुंद आणि वाकड्या नळ्यांत ब्रश नीट जात नसे, म्हणून लहान मुलांना आत चढवत. त्यांच्यातल्या अनेकांना मोठेपणी होणारा अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो, हे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये दाखवून दिले. व्यवसायातून होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. १७८८ मध्ये किमान वय आठ वर्षे ठरले, १८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणालाही चिमणीत चढवण्यास बंदी झाली, पण कायदे कागदावर राहिले. केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथील रुग्णालयाच्या चिमणीत अडकून जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा मरण पावल्यानंतर, १८७५ च्या कायद्याने चिमणी झाडणाऱ्यांना पोलिसांकडे नोंदणी सक्तीची झाली आणि ही प्रथा खऱ्या अर्थाने थांबली. बांधकामाच्या दृष्टीने याचा एक परिणाम महत्त्वाचा आहे: मुलांऐवजी ब्रश आत जायचा, तर नळी पुरेशी रुंद आणि तिची वळणे सौम्य असायला हवीत, म्हणून याच शतकातल्या कायद्यांनी नव्या नळ्यांच्या मापांचे आणि वळणांचेही नियम घातले. घर कोणत्या दशकातले आहे, त्यावर त्याच्या चिमणीचा आतला आकार काही अंशी ठरतो तो यामुळे.

खचण्याचे मूळ कोळशातल्या गंधकात आहे. कोळसा जळताना सल्फर डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. शेकोटी भरभरून पेटलेली असे तोवर धूर गरम राहून बाहेर पडत असे आणि विटाही कोरड्या राहत. पण छपराच्या वरचा भाग चारही बाजूंनी वाऱ्यापावसात उभा असल्याने तिथल्या थंड विटांवर वाफेचे पाणी होते, त्यात गंधकाचे आम्ल उतरते आणि ते सांध्यांत मुरते. चुन्याशी त्याची क्रिया होऊन जिप्सम तयार होते आणि सांधा भुसभुशीत होतो. सांध्यात सिमेंट असेल तर गोष्ट आणखी बिघडते: सिमेंटमधल्या ॲल्युमिनायुक्त घटकांशी सल्फेटची क्रिया होऊन एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार होतात, ते जास्त जागा व्यापतात आणि सांधा फुगतो. ज्या बाजूला ओल अधिक टिकते त्या बाजूचा प्रत्येक सांधा केसभर अधिक जाड होत जातो, अशा वीस-पंचवीस थरांची बेरीज होते आणि चिमणी दुसऱ्या बाजूला कलते. रस्त्यावरून पाहताना ती पायातून नव्हे, तर छपराच्या वरच्या भागात धनुष्यासारखी वाकलेली दिसते, याचे कारण हेच.

अशी वाकलेली चिमणी कित्येक वर्षे तशीच उभी राहू शकते, पण तिला धक्का सोसत नाही. एसेक्समधल्या कोल्चेस्टर भागात २२ एप्रिल १८८४ रोजी झालेल्या भूकंपात सुमारे १,२०० इमारतींचे नुकसान झाले आणि त्यात चिमण्या कोसळण्याचे प्रमाण मोठे होते. १९८७ च्या ऑक्टोबरमधील वादळाच्या रात्रीही दक्षिण इंग्लंडमध्ये चिमण्या छपरे फोडून आत पडल्या.

विसाव्या शतकात इंधन बदलले. डिसेंबर १९५२ मधल्या विषारी धुक्याने लंडनमध्ये हजारो माणसे दगावली, त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरी भागांत धूर करणाऱ्या कोळशावर बंधने आली. १९६७ नंतरच्या सुमारे दहा वर्षांत घरोघरची उपकरणे उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूवर आणली गेली. वायू जळताना काजळी होत नाही, पण पाण्याची वाफ भरपूर निघते आणि धूर कमी तापलेला असतो. कोळशाच्या प्रखर आगीसाठी बांधलेल्या रुंद नळीत ती वाफ वर पोहोचण्याआधीच थंड होऊन विटांवर उतरते. नव्या चिमण्यांच्या धूरनळीला अस्तर असले पाहिजे अशी अट १९६५ च्या बांधकाम नियमांनी घातली, परंतु त्याआधीची घरे तशीच राहिली. बहुतेक घरांत शेकोट्याच बंद झाल्या आणि त्या बंद करताना हवा खेळती राहण्यासाठी जाळी ठेवायची हे अनेकांच्या लक्षात आले नाही. वरून पाऊस येत राहतो, खालून हवा मिळत नाही आणि काजळीतले क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात. मग खोलीतल्या गिलाव्यावर तपकिरी डाग उमटतात आणि कितीही रंग दिला तरी ते पुन्हा वर येतात. आपल्याकडे ज्याला भिंतीला लोणा लागणे म्हणतात, त्याचीच ही काजळलेली बहीण आहे. काही घरमालकांनी जागा वाढवण्यासाठी खोलीतला चिमणीचा भाग पाडला आणि वरचे टनभर वजन पुरेशा आधाराविना माळ्यावर सोडले. सर्व दोषांत मला हा सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो बाहेरून दिसत नाही आणि घर विकले जाताना नव्या मालकाला त्याची कल्पनाही नसते.

या सगळ्यावर जो उपाय सर्रास केला गेला, तो होता सिमेंटचा. लीड्सचे जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले असले, तरी घरगुती दुरुस्तीत सिमेंटने चुन्याची जागा घेतली ती विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर. सिमेंट लवकर कडक होते, थंडीत काम चुन्याइतके थांबवावे लागत नाही, आणि चुना ओळखणारे गवंडी तोवर कमी झाले होते. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. तिच्यात शिरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातून सुकून जाई आणि झीज व्हायची ती सांध्याची होई, जो पुन्हा भरता येतो. सांधा सिमेंटचा झाला की पाणी विटेतच अडकते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा गळून पडतो. काही वर्षांनी सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि विटा झिजून मागे गेलेल्या दिसतात. महाराष्ट्रात वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या चुन्यातल्या भिंतींवर सिमेंट थापण्याची चूक अनेक ठिकाणी झाली आहे, आणि तिचा परिणाम याहून वेगळा नाही. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीच मूळ बांधकामाला खाते, हे पाहून वाईट वाटते.

जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली संस्था मूळ बांधकामाशी जुळणाऱ्या दुरुस्तीचा आग्रह धरत आली होती. चुन्याचे तंत्र पुन्हा हातात येण्याला मात्र १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्याच वेल्स या शहरातल्या कॅथीड्रलच्या दर्शनी भागावर रॉबर्ट बेकर यांनी केलेल्या कामाने मोठी चालना मिळाली. तिथे शिकलेल्या कारागिरांमार्फत हे ज्ञान पसरले आणि पुढे साध्या घरांच्या चिमण्यांपर्यंत येऊन पोहोचले.

आता जाणता गवंडी प्रथम परांची बांधतो, कारण शिडीवरून चिमणीचे काम नीट होत नाही. कलणे फार असेल, तर छपरापर्यंतचे थर उतरवून, चांगल्या विटा साफ करून त्याच पुन्हा लावतो. सांधेच भरायचे असतील, तर ते जितके रुंद असतील त्याच्या किमान दुप्पट खोल हाताने खरवडतो. वीजेच्या करवतीने विटेच्या कडा कापल्या जातात, म्हणून ती टाळतो. वाऱ्यापावसाच्या या जागेसाठी साध्या चुन्याऐवजी पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना निवडला जातो. चिमणी छपरातून वर येते तिथला शिशाचा पत्रा बदलला जातो. शेकोटी वापरात असेल, तर नळीत पोलादी किंवा भाजक्या मातीचे अस्तर उतरवले जाते. नसेल, तर माथ्यावर पाऊस अडवणारे पण हवा जाऊ देणारे झाकण आणि खाली जाळी बसते. भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असेल, तर १९९६ च्या सामाईक भिंतींच्या कायद्यानुसार त्याला आधी सूचना द्यावी लागते. तापमान पाच अंशांच्या खाली जाणार असेल, तर चुन्याचे काम हाती घेत नाहीत, आणि भरलेले सांधे घाईने सुकू नयेत म्हणून त्यांवर ओली गोणपाटे टाकतात. काम संपल्यावरही पुढचे काही दिवस कोणीतरी परांचीवर चढून ती गोणपाटे भिजवत राहते.