फुंकर, आकडा आणि घड्याळ

पोलिसांनी अडवलं, नळीत फुंकर मारली, पडद्यावर आकडा उमटला आणि थेंबही न घेतलेल्या माणसाला गाडीतून उतरवलं. असं क्वचित होतं, पण होतं. अशा वेळी माणूस ‘मी प्यायलेलो नाही हो’ हेच दहादा सांगत बसतो. त्यापेक्षा एक मागणी कामाची: माझं रक्त तपासा, आणि आत्ताच तपासा.

कारण ते यंत्र रक्त मोजतच नाही. ते श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि त्यावरून रक्ताचा अंदाज बांधतं. १९५४ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पोलीस दलातल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी बनवलेल्या यंत्रात नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट अल्कोहोलमुळे हिरवट पडायचं. आजच्या हातातल्या यंत्रात सहसा फ्युएल सेल असतो: प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड होतं आणि किंचित वीज वाहते. जितकी वीज, तितका आकडा.

खरी गंमत पुढच्या गुणाकारात आहे. १ मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल, तेवढंच फुप्फुसातून येणाऱ्या २१०० मिलिलिटर श्वासात असतं, असं बरीच यंत्रं धरून चालतात. प्रत्यक्षात हे प्रमाण माणसागणिक बदलतं, एकाच माणसातही बदलतं. ताप असेल तर वाफ जास्त होते आणि आकडा चढतो. हेही सांगायला हवं की बहुतेकांच्या बाबतीत २१०० हा आकडा चालकाच्याच बाजूने झुकलेला असतो. शंकेला जागा उरते ती मर्यादेच्या काठावरच्या आकड्यांत.

न प्यायलेल्याला अडकवणारी चूक वेगळीच असते. अल्कोहोल असलेल्या माऊथवॉशने चूळ भरा आणि लगेच फुंकर मारा. यंत्र धडधडीत दारुडा ठरवेल. रक्तात काहीच नसतं, वाफ तोंडातली असते. पंधराएक मिनिटांत ती विरते. म्हणूनच चाचणीआधी साधारण १५ मिनिटं थांबायचं, तेवढ्यात काही खाऊ-पिऊ द्यायचं नाही आणि शक्यतो दोनदा फुंकर घ्यायची, अशी शास्त्रशुद्ध पद्धत आहे. ती पाळली का, हे विचारणं म्हणजे हुज्जत नव्हे. खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तेही तिथल्या तिथे सांगावं आणि लिहून घ्यायला लावावं.

याहून दुर्मीळ प्रकार म्हणजे पोटातली भट्टी. काहींच्या आतड्यात यीस्ट इतकं माजतं की खाल्लेल्या भाताचं-पावाचं अल्कोहोल होतं. बेल्जियममधल्या ब्रुज शहरात २०२४ मध्ये एक चालक याच कारणाने निर्दोष सुटला. पण इथे रक्तातही अल्कोहोल सापडणारच. त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेगळी तपासणी करून घ्यावी लागते.

आता घड्याळाकडे वळू. शरीर रक्तातलं अल्कोहोल तासाला सुमारे ०.०१५ टक्के या वेगाने संपवतं. म्हणजे ०.०४५ टक्के असलेलं रक्तही तीन तासांत जवळपास कोरं होतं. वीस मिनिटांत घेतलेल्या नमुन्यात शून्य आलं तर तो भक्कम पुरावा. तेच शून्य तीन तासांनी आलं तर समोरचा वकील शांतपणे मागचा हिशेब मांडून म्हणेल, ‘तेव्हा होतं, आता उतरलं.’ निर्दोष माणसाचा पुरावा असा बसल्या जागी विरतो.

कायदे देशागणिक वेगळे. पण अटकेचं कारण कळणं आणि वकिलाशी बोलता येणं हे हक्क बहुतेक ठिकाणी आहेत. रक्ताच्या नमुन्याचा एक भाग स्वतंत्र तपासणीसाठी मिळण्याची सोयही बऱ्याच देशांत असते. ती मागावी लागते. मात्र रागाच्या भरात फुंकर मारायलाच नकार देऊ नका. अनेक ठिकाणी तो स्वतंत्र गुन्हा आहे. यंत्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, त्याची नोंद वकील नंतरही मागवू शकतो. रक्ताचं तसं नाही.

रक्त घेतानाही डोळे उघडे असू द्या. सुई टोचण्याआधी कातडीवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा नाही. अल्कोहोल नसलेलं जंतुनाशक वापरायचं. नळीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर नमुन्यातले सूक्ष्मजीव नळीतच अल्कोहोल बनवू शकतात. आणि रिपोर्ट हातात आला की ‘सीरम’ हा शब्द शोधा. रक्तपेशी काढून टाकलेल्या या द्रवात पाणी जास्त, म्हणून अल्कोहोलही जास्त दिसतं. तो आकडा अख्ख्या रक्ताचा समजून कोणी मर्यादेशी ताडून पाहिला, तर हरकत तिथेच घ्यायची.