पिंपातलं पहिलं मिनिट

माझा आत्तेभाऊ गेली चार वर्षं ट्रायथलॉन करतोय, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं हे तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती नाही. आता त्याच्या डोक्यात नॉर्वेची नॉर्समन नावाची रेस बसलीय. 2003 पासून होते ही. पहाटे पाचला फेरीबोटीच्या दारातून चार मीटर खाली फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत घुसलेल्या समुद्राच्या खाडीच्या, पाण्यात उडी मारायची, 3.8 किमी पोहायचं, मग 180 किमी सायकल, मग पूर्ण मॅरेथॉन, आणि शेवट कुठे तर गाउस्टाटोप्पेन नावाच्या डोंगरावर, साधारण 1850 मीटर उंचीवर. तिथे वरपर्यंत पण पहिल्या 160 जणांनाच सोडतात, त्यांना काळा टीशर्ट, बाकीच्यांचा शेवट खालच्या रस्त्याने आणि त्यांना पांढरा. एंट्री लॉटरीने मिळते, त्यामुळे नंबर लागेल तेव्हा लागेल, पण तयारी नाशकात बसून करायचीय आणि मी फिजिक्स शिकवतो म्हणून आकडेमोड माझ्याकडे आली.

घरी येणारा प्रत्येक जण त्याला एकच विचारतो, अरे एवढ्या गार पाण्यात तू तास-सव्वा तास पोहणार कसा? मला पण आधी हाच प्रश्न मोठा वाटायचा. वाचत गेलो तसं कळलं की तासाचं उत्तर बऱ्यापैकी सोपं आहे, अंगात वेटसूट म्हणजे ऊब धरणारा घट्ट रबरी पोशाख असतो, हातपाय चालू असतात, शरीर स्वतः उष्णता तयार करत असतं. धोका पहिल्या दोन-तीन मिनिटांत आहे, त्यातही पहिल्या मिनिटात, आणि तो थंडीने गारठण्याचा नाहीच, तो श्वासाचा आहे.

थोडं मुळापासून सांगतो. 20 अंशाच्या खोलीत आपण शर्टावर आरामात बसतो, पण 20 अंशाच्या पाण्यात बसलं की थोड्या वेळात दात वाजतात. पाणी उष्णता वाहून नेण्यात हवेच्या साधारण 25 पट पुढे आहे, आणि शिवाय तेवढंच आकारमान एक अंशाने तापवायचं तर पाण्याला हवेपेक्षा हजारो पट जास्त उष्णता लागते, म्हणजे अंगाने कितीही दिली तरी पाणी ती गिळत राहतं. नॉर्वेतलं पाणी रेसच्या दिवसांत बऱ्याचदा 13 ते 16 अंशांत असतं, 2015 साली तर 10 च्या आसपास गेलं होतं आणि आयोजकांनी पोहण्याचं अंतर कमी केलं होतं.

असं पाणी कातडीला अचानक लागलं की कातडीतल्या थंडीच्या संवेदकांकडून एकदम मोठा सिग्नल जातो आणि माणूस नकळत एक मोठा श्वास आत ओढतो, आपण थंड पाण्याचा तांब्या अंगावर पडला की "हा!" करतो ना, तोच. त्याला कोल्ड शॉक म्हणतात. त्या एका क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. त्याच्यामागून श्वास धापा टाकल्यासारखा जोरात चालू होतो, तो मुद्दाम रोखायचा म्हटलं तरी रोखता येत नाही, हृदयाचे ठोके आणि बीपी दोन्ही वर जातात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळं शिगेला पोचतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. चांगले पोहणारे लोक सुद्धा गार पाण्यात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडतात त्याचं एक मोठं कारण हे आहे, दम संपलेला नसतो, श्वास हाताबाहेर गेलेला असतो.

अजून एक गोष्ट आहे, ती ट्रायथलॉनवाल्यांनी नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. अंगाला गार पाणी लागल्यावर हृदयाला हुकूम येतो की पळ, आणि त्याच वेळी चेहरा पाण्यात बुडवून श्वास धरला की दुसरा हुकूम येतो की हळू चाल, तो सील-देवमाशांपासून माणसापर्यंत सगळ्या सस्तन प्राण्यांत असणारा डुबकीचा प्रतिसाद. दोन्ही हुकूम एकदम आले की ठोक्यांची लय बिघडू शकते. ब्रिटनमधल्या शॅटॉक आणि टिप्टन या दोघांनी 2012 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. त्यात वेटसूटची मान घट्ट, शेजारी दोनशे लोकांची लाथालाथी आणि रेसची धडधड, हे सगळं एकत्र येतं. म्हणून उडी मारल्या मारल्या तोंड खाली घालून स्प्रिंट मारायचं नाही, आधी तरंगायचं, श्वास बाहेर सोडायचा, तो शांत झाला की मग तोंड पाण्यात.

आता याची तयारी नाशकात कशी करणार? आमच्या गच्चीवर 200 लिटरचं निळं पिंप आहे, ते घेतलं. माणूस आत छातीपर्यंत बसला की बरंच पाणी बाहेर सांडणार म्हणून 140 लिटरच भरलं. जानेवारीची सकाळ होती, टाकीचं पाणी थर्मामीटरवर 20 अंश दाखवत होतं, आम्हाला 13 पाहिजे होतं. 140 लिटर पाणी 7 अंशाने उतरवायला साधारण 4100 किलोज्यूल उष्णता काढायला लागते, आणि एक किलो बर्फ वितळून 13 अंशापर्यंत येताना सुमारे 388 किलोज्यूल खातो, म्हणजे साडेदहा किलो बर्फ. बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा तोडून आणला, गोणपाटात गुंडाळून, गच्चीवर जाईपर्यंत थोडा वितळणार म्हणून बारा किलो आणला होता.

तो आत उतरला आणि मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून श्वास मोजले. पहिल्या मिनिटात 50 च्या वर गेले, डोळे मोठे झालेले, बोलायला सांगितलं तर एक शब्द धड निघेना, आणि हा माणूस गेल्या वर्षी हाफ आयर्नमॅन, म्हणजे याच्या निम्म्या अंतराची ट्रायथलॉन, करून आलेला. तिसऱ्या मिनिटाला मात्र अगदी नॉर्मल, म्हणाला "दादा, आता काहीच वाटत नाहीये." तेव्हाच त्याला बाहेर काढला.

आत्या कपडे वाळत घालत हे बघत होती. ती म्हणाली, "असं एकदम कशाला बसायचं रे? कार्तिकात आम्ही पहाटे गंगेवर जायचो तेव्हा आधी पाय, मग हात, मग तोंडावर पाणी, मग डोक्यावर तांब्या, आणि बुडी मारताना हर हर गंगे मोठ्यांदा म्हणायचं. गप बसून बुडी मारली की जीव घाबरतो." नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, बाहेरच्यांसाठी सांगितलं. मला हे ऐकून खरंच भरून आलं, कारण शास्त्र जे सांगतं ते आत्याच्या दोन वाक्यांत होतं. कातडीचा थोडा थोडा भाग ओला केला की सिग्नल एकदम येत नाही. आणि मोठ्यांदा हर हर गंगे म्हणताना श्वास बाहेर जातो, एका वेळी श्वास आत आणि आवाज बाहेर असं होऊ शकत नाही, म्हणजे ज्या क्षणी शरीराला हवा आत ओढायची असते तेव्हाच तुम्ही ती बाहेर सोडत असता. यासाठीच ती घोषणा सुरू झाली असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच. आणि नॉर्समनच्या बोटीवर काय करतात माहितीये? उडी मारायच्या आधी डेकवर पाइपने त्याच फ्योर्डचं पाणी लोकांच्या अंगावर सोडतात.

कार्तिक स्नानात दुसरी पण एक गोष्ट आहे, ते रोज असतं आणि थंडी हळूहळू वाढत जाते. हे महत्त्वाचं, कारण कोल्ड शॉकची सवय लागते आणि ती आश्चर्य वाटेल इतकी लवकर लागते. थंड पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बैठका झाल्या की हा प्रतिसाद जवळपास निम्म्यावर येतो. ही सवय कातडीला लागते की मेंदूला? टिप्टन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये यावर छान प्रयोग केला, लोकांच्या अंगाच्या एकाच बाजूला वारंवार गार पाणी लागू दिलं आणि मग दुसऱ्या, कोऱ्या बाजूला लावून बघितलं, तर तिथेही दचकणं कमी झालं होतं. म्हणजे शिकतो तो मेंदू. आणि या सवयीचा काही भाग कित्येक महिने टिकतो, त्यामुळे जानेवारीत केलेलं ऑगस्टच्या रेसला अगदी वाया जात नाही, जुलैत दोन-तीन बैठका परत केल्या की झालं. आमच्या सहाव्या बैठकीला पहिल्या मिनिटाचे श्वास 30 च्या आत होते आणि तो बोलत होता.

पण हे एकट्याने अजिबात करू नका. हृदयाचा, बीपीचा त्रास असेल, घरात कुणाला कमी वयात अचानक हृदयाचं काही झालं असेल तर आधी डॉक्टर, ईसीजी, मग पिंप. शेजारी माणूस पाहिजेच, डोकं पाण्याखाली घालायचं नाही, जोरजोरात श्वास घेऊन दम धरायचा खेळ नाही, तीन मिनिटं झाली की बाहेर. आणि गंगापूर किंवा काश्यपी धरणात परवानगी, बोट, सोबत यातलं काही नसताना उतरू नका, दरवर्षी धरणांवर तरणीताठी पोरं बुडून जातात, त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं.

पाण्यातून बाहेर आल्यावर गंमत हातांची होते. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या हातात असतात, तो भाग बारीक आणि लवकर गार होणारा, त्यामुळे गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं गेली की बोटं फाकतात, जवळ येत नाहीत, पकड जाते. ट्रायथलॉनचा नियम असा की हेल्मेटचं बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि ते बक्कल म्हणजे दोन बोटांचं बारीक काम. आम्ही बादलीत 12 अंशाचं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात दहा मिनिटं ठेवून बक्कल लावायची प्रॅक्टिस केली. पहिल्यांदा नुसतं क्लिक व्हायला दीड मिनिट गेलं. मग पट्टीला जाड दोरीचा लूप लावला, झिपला पण लावला, आणि खाऊची पाकिटं आधीच कापून ठेवायची असं ठरलं, कारण तोंडाने पाकीट फाडायला जबडा पण थरथरतो.

आणि बाहेर आलो म्हणजे सुटलो असंही नाही. आतली उष्णता गार पडलेल्या बाहेरच्या भागांकडे जातच राहते आणि आतलं तापमान बाहेर आल्यानंतर पण थोडा वेळ उतरतच राहतं, याला आफ्टरड्रॉप म्हणतात. त्यात अंगावर ओले कपडे आणि सायकलचा वारा. माठातलं पाणी गार कसं होतं तेच इथे अंगाचं होतं. ओल्या कपड्यात समजा 300 मिली पाणी आहे, ते पूर्ण उडायला साधारण 700 किलोज्यूल लागतात, आणि 70 किलोच्या माणसाला एक अंशाने गार करायला 245 किलोज्यूल पुरतात. सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, पण अर्धी जरी गेली तरी भरपाई अंगालाच करायची असते. म्हणून अंग पुसायला आणि कोरडा बनियन घालायला दोन मिनिटं जाऊ दे, ती दोन मिनिटं पुढे वीस मिनिटं वाचवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

चढ मात्र इथे देवासारखा धावून येतो. फ्योर्डवरून निघालं की पहिल्या 35 किमीत रस्ता साधारण 1200 मीटर वर चढतो. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले तर एवढं वर न्यायला बरोबर 1000 किलोज्यूल काम लागतं. आपले स्नायू साधारण पाव भागच कामात लावतात, उरलेल्या तीन पावाची उष्णता होते, म्हणजे 3000 किलोज्यूल अंगातच. गारठलेल्या माणसाला याहून चांगली शेगडी कुठली! फक्त ती पेटवायला जवळजवळ 1000 किलोकॅलरी जळतात, आणि पोट तासाला 60 ते 90 ग्रॅम कार्ब म्हणजे कार्बोहायड्रेटच पचवू शकतं, म्हणजे 240 ते 360 किलोकॅलरी. नाशिककराला सोपं सांगायचं तर तासाला दोन-तीन मुठी मनुका. जास्त नको, पोट बिघडतं.

चढासाठी आपल्याकडे काही कमी नाही. नांदुरीपासून सप्तशृंगी गडाचा घाट, साधारण दहा किलोमीटर, नवरात्र आणि चैत्राची गर्दी सोडून कधीही, त्र्यंबकच्या पुढे जव्हारकडे जाताना आंबोलीचा घाट, पळायला पांडवलेणीच्या पायऱ्या. ज्या शहरातल्या महाजन बंधूंनी 2015 ला रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आरपार ओलांडायची सायकल रेस, टीम म्हणून पूर्ण केली तिथे रस्ते नाहीत असं कोण म्हणेल? मागचा गिअर मोठा घ्या, 32 किंवा 34 दात्यांचा, त्यात कमीपणा नाही, गुडघे वाचतात.

चढाने दिलेली ऊब उतारावर दहा मिनिटांत जाते. उंची 1000 मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशाने गार होते, म्हणजे खाली 12 असेल तर चढ संपल्यावरच्या पठारावर 4-5, अंग घामाने ओलं, पाय थांबलेले म्हणून शेगडी बंद आणि वेग पन्नासचा. थरथरणाऱ्या हातांनी हॅंडल हलतं, ब्रेक उशिरा लागतो, लोक इथे पडतात. याची प्रॅक्टिस जुलैतल्या पावसात गडाचा घाट उतरतानाच होते, सावकाश, गाड्यांना जागा देऊन. उतार सुरू व्हायच्या आधी विंडचीटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवायची, युरोपातले सायकलवाले वर्षानुवर्षं हे करतात, कागद वारा अडवतो, मधली हवा ऊब धरून ठेवते आणि खाली आलो की घडी काढून टाकता येते. मागच्या रविवारी नांदुरीच्या टपरीवर चहा घेताना त्याने छातीतून ओला पेपर काढला, मधली पानं कोरडी होती. आत्याने तेव्हापासून रद्दीवाल्याला परत पाठवलंय, गठ्ठा माळ्यावर ठेवलाय.