फिटनेस प्रशिक्षकांमधील व्यवसायजन्य स्नायू-सांधेदुखी

व्यायाम शिकवण्याच्या कामामुळे प्रशिक्षकाच्या स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे तंतू), अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) व सांध्यांत उद्भवणाऱ्या किंवा त्या कामाने बळावणाऱ्या वेदनांचा समावेश या संज्ञेत होतो. कंबर, गुडघे, खांदे, नडग्या आणि घोटे ही तिची नेहमीची ठिकाणे होत. काही दुखणी एखाद्या हिसक्याने सुरू होतात, परंतु बहुतेक ताण साचत जाऊन जडतात.

स्वतःसाठी व्यायाम करणारा थकला की थांबतो; प्रशिक्षकाला बॅच संपेपर्यंत थांबता येत नाही, आणि लगेच पुढची बॅच उभी असते. स्क्वॅट शिकवताना तो अर्धवट बसलेल्या स्थितीतच मान वळवून सूचना देत राहतो. समोरच्यांना आरशासारखे दिसावे म्हणून डावे-उजवे उलटवून प्रात्यक्षिक करताना बहुधा ठरावीक पायच पुढे टाकला जातो, त्यामुळे भार एकाच बाजूवर पडतो. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणे झोपून वजनाचा बार वर ढकलण्याच्या व्यायामाला, आधार देणाऱ्याची अडचण आणखी वेगळी असते: बाकाच्या डोक्याकडून वाकून, हात शरीरापासून लांब ठेवून, अडकलेला बार त्याला अवचित उचलावा लागतो. विखुरलेले डंबेल जागेवर ठेवणे हे कामात कोणी धरत नाही, पण कंबर ते धरते.

एरोबिक्समध्ये उड्यांमुळे पायांवर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक बल येऊ शकते. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ७६ टक्के प्रशिक्षकांनी, तर शिकणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के जणांनी दुखापत नोंदवली होती. एक पाय सतत जमिनीवर ठेवण्याच्या सौम्य प्रकारात हा आघात कमी होतो.

अशा पाहण्यांसाठी १९८७ची नॉर्डिक प्रश्नावली अनेकदा वापरतात. तीत शरीराच्या ९ भागांतील गेल्या १२ महिन्यांच्या व ७ दिवसांच्या तक्रारी विचारल्या जातात. मात्र दुखण्यापायी व्यवसाय सोडलेले प्रशिक्षक सहसा पाहणीत सापडत नाहीत, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

अनोळखी व्यायामानंतरचा ठणका साधारणतः २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचून ओसरतो. प्रत्येक वेदना याच खात्यावर टाकण्याची सवय प्रशिक्षकांत दिसते आणि निदान लांबते.

प्रात्यक्षिकाच्या मोजक्याच आवृत्त्या करून पुढे तोंडी सूचना देणे, बाजू आलटून-पालटून दाखवणे, जड बॅचनंतर हलकी बॅच ठेवणे हे उपाय सुचवले जातात. बॅचनुसार मानधन मिळणाऱ्याला विश्रांती म्हणजे बुडालेली मिळकत असल्याने त्याला ते पाळणे अधिक अवघड जाते.