चिपवरचं आयात शुल्क नेमकं कोण भरतं?

वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज सांगतो: छोट्या देशाने परदेशी चिपवर आयात शुल्क लावलं की पैसे परदेशी कंपनी भरते आणि देशी चिप उद्योग आपोआप उभा राहतो. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही.

शुल्क भरतो आयातदार, माल सोडवताना. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरायचा कागद, पाहा. त्यावर नाव त्याचंच असतं. मोठ्या गिऱ्हाईकासाठी विक्रेता कधी भाव उतरवतो, पण छोट्या देशाच्या मागणीने जागतिक भाव सहसा हलत नाही. भार देशातच राहतो.

खरी गोम पुढे आहे. चिप उद्योग स्वतःच मोठा आयातदार असतो. वेफर (ज्यावर चिप कोरतात ती सिलिकॉनची पातळ चकती), फोटोरेझिस्ट (कोरताना लावायचं प्रकाशसंवेदी रसायन), यंत्रं, बरंचसं बाहेरून येतं. एका देशात कोरलेली वेफर दुसरीकडे पॅकेजिंगला जाते, तिसरीकडे तपासणीला. शुल्क लागतं तिथे ते बहुधा मालाच्या पूर्ण किमतीवर लागतं, तिथे झालेल्या कामापुरतं नाही. निर्यातीसाठी भरलेल्या शुल्काचा परतावा किंवा शुल्कमुक्त क्षेत्र असतं म्हणा, पण कागदपत्रं आणि अडकलेलं भांडवल चुकत नाही.

पडताळायचं तर कुठल्याही देशाचं शुल्कपत्रक उघडा, त्यात मालाच्या प्रकारांना आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात: 8542 मध्ये चिप, 8486 मध्ये त्या बनवणारी यंत्रं. बऱ्याच व्यापारी देशांत दोन्हींपुढे शून्य दिसेल.