बाविसाव्या वर्षी पोट लहान करायचं का?

"मला बॅरिॲट्रिक सर्जरी करायची आहे," असं बावीस वर्षांच्या मुलीने जेवताना जाहीर केलं की मराठी घरात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. आई म्हणते, "आधी रात्रीचा भात सोड." बाबांना सकाळच्या न मारलेल्या फेऱ्या आठवतात. आत्याच्या ओळखीत कुणीतरी नुसतं जिऱ्याचं पाणी पिऊन पंधरा किलो उतरवलेले असतात. आणि सगळ्यांचं बोलून झालं की दबक्या आवाजात खरी भीती बाहेर येते: "लग्नाचं काय? पुढे कळलं तर?"

मुंबईला वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं हे ऑपरेशन नवीन नाही. 2011 मध्ये नितीन गडकरींनी ते मुंबईतच करून घेतलं, तेव्हा गावोगावी हा शब्द पोचला. 2017 मध्ये इजिप्तहून सुमारे पाचशे किलो वजनाच्या एका महिलेला विमानाने चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आणलं, तेव्हा तर रोज बातम्या होत्या. त्यातून समज असा झाला की हे ऑपरेशन एकतर मोठ्या नेत्यांचं, नाहीतर पलंगावरून उठू न शकणाऱ्यांचं. डोंबिवलीहून रोज अप-डाउन करणारी, पाच फूट तीन इंच उंचीची, 92 किलोची मुलगी या चित्रात कुठेच नसते. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकायला गेलं की आधीच्या तिघी कशा बघतात हे तिला पाठ असतं. पाळी तीन-तीन महिने येत नाही, सोनोग्राफीत पीसीओडी, म्हणजे बीजाशयाचा विकार, निघालेलं असतं, फॅटी लिव्हर असतं, शुगर काठावर असते. हा लेख तिच्यासारख्यांसाठी आहे.

तिचा बीएमआय साधारण 36 येतो. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. माप तसं ओबडधोबड आहे, आणि आपल्याकडे तर फसवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा होता, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दोघांचा फोटोसकट हा मजकूर 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आत चरबी बाळगून असतो, विशेषतः पोटात, आणि मधुमेह त्याला कमी वजनातच गाठतो. म्हणूनच लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी आशियाई लोकांचा उंबरठा खाली ठेवतात. 2022 मध्ये या विषयातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो 27.5 वर आणला. आपल्या मुलीच्या उंचीला 27.5 म्हणजे अवघे 70 किलो. खरं सांगायचं तर, दुसरा काही आजार नसलेल्या 70 किलोच्या तरुण मुलीला थेट ऑपरेशन सुचवणं मला तरी पचत नाही. 92 किलो आणि काठावरची शुगर ही गोष्ट वेगळी.

आता आईच्या भाताकडे येऊ. भात सोडून वजन उतरतं, यात वाद नाही. भानगड त्यानंतर सुरू होते. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास लठ्ठ माणसांना त्यांनी दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं आणि मग वर्षभर त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं (हार्मोन्स) मोजली. वजन उतरताच भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं, पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं घटली, आणि एक वर्ष उलटल्यावरही ती पूर्वीच्या जागी आली नव्हती. शरीराच्या लेखी उतरलेलं वजन म्हणजे दुष्काळ. ते भूक वाढवतं, वर खर्चही आवरतं. जिद्द असलेली माणसंसुद्धा दोन-तीन वर्षांत पुन्हा जुन्या आकड्यावर येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. तरी टोमणे मात्र आळसावरून मिळतात.

ऑपरेशनचा घाव नेमका या यंत्रणेवर बसतो. भारतात सर्वांत जास्त होतं ते स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी. दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांमधून, जठराचा 75 ते 80 टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात. मागे उरते केळ्याएवढी नळी. पोटात मावतं कमी, हे तर झालंच. पण कापून काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर घुमट असतो आणि घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं. हे संप्रेरक 1999 मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षं सर्जन मंडळी भुकेशी खेळत होती आणि आपण नक्की कशाला हात लावतोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न आतड्याच्या खालच्या टोकाला लवकर पोचतं आणि तिथून भूक आणि साखर आवरणारी जीएलपी-1 सारखी संप्रेरकं भरभरून सुटतात. म्हणून बायपासनंतर मधुमेहींची साखर काही दिवसांतच उतरते, वजन अजून जागचं हललेलंही नसतं तेव्हा. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीस यांनी 1995 मध्ये आपल्या रुग्णांची वर्षानुवर्षांची नोंद मांडली, तेव्हा मधुमेहाच्या डॉक्टरांचा त्यावर सहज विश्वास बसला नव्हता.

किती उतरतं? पहिल्या एक-दोन वर्षांत साधारण मूळ वजनाच्या पाव हिश्शापासून तीस टक्क्यांपर्यंत. 92 चे 64 ते 69. हा आकडा आधीच कागदावर मांडून बघावा, कारण मनात बहुतेकींच्या 52 असतं.

तरुणांबद्दलचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतल्या 'टीन-लॅब्ज' या अभ्यासातून येतो. 13 ते 19 वयात ऑपरेशन झालेली मुलं त्यांनी वर्षानुवर्षं तपासली. ही मुलं फार लठ्ठ होती, सरासरी बीएमआय पन्नासच्या वर, हे लक्षात ठेवूनच पुढचे आकडे वाचावेत. पाच वर्षांनी त्यांचं वजन सरासरी 26 टक्क्यांनी कमी होतं. ज्यांना टाइप-2 मधुमेह होता त्यांच्यापैकी 86 टक्क्यांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, तर मोठेपणी ऑपरेशन केलेल्यांमध्ये हे प्रमाण 53 टक्के. आजार जितका कोवळा, तितका तो लवकर मागे हटतो. दहा वर्षांनी आकडे थोडे उतरले: बीएमआय मूळच्यापेक्षा सरासरी 20 टक्क्यांनी कमी, आणि मधुमेह आटोक्यात असलेले 55 टक्के. तरीही दहा वर्षं टिकलेला एवढा फरक दुसऱ्या उपायांनी क्वचितच दिसलाय.

त्याच अभ्यासातला एक आकडा जाहिरातीत सापडत नाही. पाच वर्षांनी या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या, 48 टक्क्यांच्या, शरीरातला लोहाचा साठा खालावलेला होता. मोठ्यांमध्ये तो 29 टक्क्यांचा होता. कारण समजायला अवघड नाही. खाणं कमी, शोषण कमी, मुलींना पाळी, आणि वीस वर्षांच्या वयात रोज गोळी घ्यायची आठवण कुणाला राहते? आपल्याकडे त्यात भर पडते. शाकाहारी घरांत बी-12 मुळातच कमी असतं, उन्हाचा देश असूनही ड जीवनसत्त्व कमी असतं, आणि हाडांची भरती विशीच्या अखेरपर्यंत चालू असते. नेमकी तेव्हाच कॅल्शियमची आवक घटवायची, तर गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या. पंचावन्नाव्या वर्षी ऑपरेशन करणाऱ्याचं जन्मभर पंचवीस-तीस वर्षांचं असतं, बाविशीतल्या मुलीचं साठ वर्षांचं. तरुणपणी विचार करताना सगळं गणित इथे येऊन थांबतं. फायदाही जास्त वर्षं, ओझंही जास्त वर्षं.

प्रत्यक्ष ऑपरेशनची भीती लोकांना वाटते तेवढी खरी नाही. अनुभवी हातांत महिनाभरातला मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन एवढा असतो. स्टेपलच्या ओळीतून गळती होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास, आणि ती झाली तर मात्र दुखणं लांबतं. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ कायमची मागे लागते, म्हणून आधीच ॲसिडिटीने हैराण असलेल्याने बायपासबद्दल विचारावं. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. हे सगळं संमतीपत्रात छापलेलं असतं. रोजच्या जेवणाचं तसं छापलेलं नसतं.

पहिल्या दिवशी नर्स हातात औषधाचा तीस मिलीचा चिमुकला कप देते आणि तेवढं पाणी पंधरा मिनिटं घोट घोट पीत बसायला सांगते. सुमारे दोन आठवडे वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, सूप, प्रोटीनची पावडर. मग मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेलं अंडं, उकडलेला मासा. नेहमीचं जेवण यायला महिना-दीड महिना. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी-नंतर अर्धा तास नाही, आणि दिवसभरात मात्र दीड-दोन लिटर पोटात जायला हवं. मे महिन्यातली 8.12 ची फास्ट, एका हाताने वरचं हँडल धरलेलं, दुसऱ्या हातात बाटली, आणि दर पाच मिनिटांनी एक घोट, असा तो हिशोब बसतो. ऑफिसात लंचला अर्धा तास, आणि दोन चमचे पनीर भुर्जी चावून खायलाच वीस मिनिटं लागतात. घाईत गिळलं तर घास छातीत अडकतो, तोंडाला पाणी सुटतं आणि वॉशरूमकडे धावावं लागतं. सतत उलट्या होत राहिल्या तर अंगावर काढू नयेत, कारण बी-1 जीवनसत्त्व संपलं तर मेंदू आणि नसांना इजा होते.

एक गंमतही आहे, वाईट अर्थाने. वडापावातला पाव अडकतो, पोळी अडकते, कोरडं चिकन अडकतं. कुल्फी अडकत नाही. मिल्कशेक अडकत नाही, चहात बुडवलेलं खारी बिस्किट अडकत नाही. लहान झालेल्या पोटातून गोड आणि पातळ अगदी सुरळीत उतरतं. ऑपरेशननंतर तीन-चार वर्षांनी वजन परत चढतं ते बरेचदा याच वाटेने. बायपास झालेल्यांना गोडाने निदान धडा तरी मिळतो: वाटीभर आमरसानंतर घाम, धडधड आणि जुलाब. दारूचं तर वेगळंच. बायपासनंतर ती झपाट्याने चढते, आणि काही वर्षांत व्यसनाचं प्रमाण वाढलेलं दिसतं. पूर्वी दुःखावर जेवणाची फुंकर घालणाऱ्याची ती फुंकर आपण काढून घेतलेली असते. म्हणून ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात, त्यात अपमान काही नाही.

लग्नाच्या प्रश्नालाही वैद्यकीय उत्तर आहे. वजन उतरलं की पीसीओडी असलेल्या बऱ्याच मुलींची पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. पण ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये असा सल्ला असतो, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. सासरपासून लपवायचं ठरवलं तर या गोष्टी कशा जमायच्या? श्रावणातले निर्जळी उपास कोणत्या सबबीवर टाळायचे? गुडघा दुखतो म्हणून घरातल्या कुणी आयबुप्रोफेनची गोळी पुढे केली तर? बायपास झालेल्या पोटात तिने अल्सर होऊ शकतो. सांगून टाकावं, एवढंच मी म्हणेन.

पैशांचं कोडं वेगळं. खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांनुसार मेडिक्लेममध्ये हे ऑपरेशन बसतं ते वय अठरा पूर्ण असेल आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल तर, किंवा 35 किंवा त्याहून जास्त असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा औषधांनी न आवरणारा मधुमेह असेल तर. आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असावे लागतात. पीसीओडी या यादीत नाही, काठावरची शुगर नाही, फॅटी लिव्हर नाही. डॉक्टरांच्या लेखी आपली मुलगी पात्र, विमा कंपनीच्या लेखी नाही. मधुमेह पुरता बिघडला की पैसे मिळतील, असा हा उफराटा न्याय आहे.

2025 पासून भारतात वजन उतरवणारी साप्ताहिक इंजेक्शनंही आली. सेमाग्लुटाइडने चाचण्यांमध्ये सरासरी 15 टक्के वजन उतरलं, टिर्झेपॅटाइडच्या वरच्या डोसने 20 टक्क्यांच्या आसपास. ती जीएलपी-1 चीच नक्कल करतात. बंद केली की उतरलेल्यातलं बरंचसं वजन वर्षभरात परत येतं, म्हणजे तीही लांबची सोबत. मात्र पोट जागेवर राहतं. मधुमेह नसलेल्या, 36 बीएमआयच्या बाविशीतल्या मुलीने आधी आहारतज्ज्ञ आणि इंजेक्शन यांना वर्षभर देऊन बघावं असं मला वाटतं. उलट, विशीतच मधुमेह झाला असेल तर तो पन्नाशीतल्या मधुमेहापेक्षा आक्रमक असतो, मूत्रपिंड आणि डोळे लवकर धरतो. तिथे "अजून लहान आहेस, थांब" हा सल्ला महाग पडतो.

आणि सर्जनकडे जाल तेव्हा त्यांनी किती ऑपरेशनं केली हे विचाराच, पण पाच वर्षांपूर्वी केलेल्यांपैकी आज किती जण तपासणीला येतात हेही विचारा. पहिला आकडा सगळ्यांच्या तोंडावर असतो. दुसऱ्याला जे चटकन उत्तर देतात, त्यांच्याकडे आहारतज्ज्ञ बहुधा शेजारच्याच खोलीत बसलेली सापडेल.